अक्कांचे अकरा दिवस

नांदेडपासून लातूरपर्यंतच्या पट्ट्यात घासाघीस करून मला हरवेल असा माणूस अजून जन्माला यायचा आहे. बाई मात्र एक जन्मलेली आहे, आणि माझं नशीब असं की ती माझ्या बायकोची थोरली बहीण आहे. त्यांचं माहेर उदगीरच्या बाजूचं. तिकडे घरात निम्मं मराठी आणि निम्मं कानडी चालतं, म्हणून थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात, आणि पुढे सगळं जगच त्यांना अक्का म्हणायला लागलं. मी हदगावच्या आठवडी बाजारात जमिनीवर चादर अंथरून लहान मुलांचे सदरे विकण्यापासून सुरुवात केली. आज नांदेडात माझं गणवेशांचं दुकान आहे. शाळा, पोलीस, दवाखाने, सगळ्यांचे कपडे माझ्याकडे शिवतात. कापडाचे ठोक व्यापारी माझा फोन आला की आधी पाणी पितात. पण अक्का समोर असल्या आणि मी कुणाशी भाव करायला लागलो, की त्या चौथ्या-पाचव्या वाक्याला हळूच म्हणतात, "साकु, दाजी." साकु म्हणजे कानडीत पुरे. सुई टोचायच्या आधी लेकराला गप्प करावं तशा आवाजात त्या हे म्हणतात, आणि एवढं तयार केलेलं माझं तोंड मिटतं. का मिटतं ते मला आजवर कळलेलं नाही.

माझी त्यांच्यावर एक जुनी तक्रार आहे. ती मी घरात मांडली, दुकानात मांडली, लातूरच्या एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी गृहस्थांपुढे थेट अहमदपूर येईपर्यंत मांडली. ते गृहस्थ उतरताना म्हणाले, "मग चूक कुणाची हाय?" म्हणजे एवढं ऐकून त्यांनाही कळलं नाही. मलाही सांगता सांगता दरवेळी थोडं कमीच कळत जातं. म्हणून आता सगळं लिहून काढतो, निदान क्रम तरी नीट लागेल.

अक्का कंधार तालुक्यातल्या एका गावी उपकेंद्रात सिस्टर होत्या. खांद्याला लसींचा निळा डबा, पायात काळ्या चपला, आणि एक स्कूटी, जिचा आवाज ऐकून गावातली लेकरं कडब्याच्या गंजीमागे लपायची. त्यांची पहिली खोड म्हणजे त्या नमस्कार करत नाहीत. समोर कुणी आलं की त्याचं मनगट धरतात. पाहुणा समजतो, बाई किती मायेची. त्या तेवढ्यात नाडी मोजत असतात. आमच्या पुतण्याच्या लग्नात विहीणबाई ओटी घ्यायला पुढे आल्या, तर अक्कांनी त्यांचा हात हातात घेतला, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "बीपीची गोळी चुकवून राहिल्या तुम्ही." विहीणबाईंनी ती खरोखरच चार दिवस घेतली नव्हती, आणि ती गोष्ट घरी माहीत नव्हती. पुढे मांडवात जे झालं ते मी लिहीत नाही. माझ्या दुकानात तर त्यांना बसवायचीही चोरी. एकदा एक बाई तीन मुलींचे गणवेश घ्यायला आली होती. मी तासभर खपून सौदा जमवत आणला होता, एवढ्यात अक्कांनी गल्ल्यामागून उठून तिच्या डोळ्याची खालची पापणी बोटानं ओढून बघितली. "रक्त लई कमी हाय बाई तुमच्यात. आधी तपासून या." बाई तशीच उठून तपासायला गेली. गणवेश तिनं परत येऊन घेतले, पण दुसऱ्या दुकानातून, कारण तिला वाटलं आमच्या दुकानात जादूटोणा चालतो.

दुसरी खोड अशी की त्या भाव करत नाहीत. सांगेल तो भाव देतात. भाजीवाल्या बाईला मी कोथिंबिरीवरून जेरीला आणलेलं असतं, आणि अक्का तिच्या मांडीवरच्या बाळाला कोणकोणत्या लसी झाल्या हे विचारून घेऊन शेवटी तिनं पहिल्यांदा सांगितलेलेच पैसे हातावर ठेवतात. मी म्हणतो, अक्का, माझी मेहनत गेली. त्या म्हणतात, तुमची मेहनत तुम्हाला बोलायला मिळाली ना.

आता शिक्षणाचं सांगतो, आणि इथूनच माझा गोंधळ सुरू होतो. अक्का एकोणिसाव्या वर्षी एएनएम झाल्या, म्हणजे खेड्यापाड्यांतल्या बाळंतपणाच्या आणि लसीकरणाच्या नर्स. सरकारी नोकरी लागली, लग्न झालं, संपलं की. पण नाही. त्यांनी दोन लेकरं झाल्यावर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावी दिली. मग म्हणाल्या, जीएनएम करायचं, म्हणजे दवाखान्यातल्या पूर्ण नर्सचं शिक्षण, तीन वर्षांचं. ते त्यांनी नांदेडात आमच्या घरी राहून केलं. त्या तीन वर्षांत आमच्या घरातल्या प्रत्येकाच्या डोक्याला, गुडघ्याला आणि खांद्याला सरावासाठी पट्ट्या बांधून झाल्या. एकदा आम्ही चौघं तसेच बांधलेले जेवत असताना दारात पोस्टमन आला आणि कुठल्या फाट्यावर गाडी पलटी झाली म्हणून चौकशी करून गेला. एवढं करून झालं काय? वरची जागा रिकामी नव्हती म्हणून अक्का परत त्याच उपकेंद्रात, त्याच डब्यासह, त्याच स्कूटीवर. मी व्यापारी माणूस. एकदा घेतलेला माल कुणी पुन्हा विकत घेत नाही एवढं मला कळतं. मी समजलो, बाईंची हौस फिटली.

आठ वर्षांनी एका दुपारी त्या दुकानात आल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "दाजी, मी डिग्री करून राहिले." करायची म्हणते, करावी का, असं काही नाही, जणू अर्धी झालीच आहे. जीएनएम झालेल्या नर्सला आणखी दोन वर्षं शिकून नर्सिंगची पदवी घेता येते, तिला पोस्ट बेसिक म्हणतात. मी विचारलं, पगार वाढेल का? म्हणाल्या, बघू. बढती? मिळंल, न मिळंल. मग कशासाठी? त्या माझ्या कारागिराच्या पायाखाली चालणाऱ्या मशीनकडे बघत म्हणाल्या, "हातानं समदं करता येतं, दाजी. का करायचं, ते येत न्हाई."

मला हे उत्तर वाटलं नाही. टाळाटाळ वाटली. मी त्यांच्या यजमानांना, म्हणजे माझ्या साडूंना फोन लावला. साडू शेती करतात आणि आयुष्यात त्यांनी फक्त एक शब्द वापरला आहे, हाव, म्हणजे हो. मी म्हटलं, चाळिशी ओलांडल्यावर बायकोला वसतिगृहात ठेवणार का? ते म्हणाले, "हाव." मी म्हटलं, तुमच्या जेवणाचं काय? ते म्हणाले, "हाव." मी फोन ठेवला.

तरीही माणसानं मदत करावी, म्हणून मी केली. अक्कांची सगळी मूळ प्रमाणपत्रं एका प्लास्टिकच्या पिशवीत असत आणि त्या पिशवीला लसीच्या डब्यातल्या बर्फाचं पाणी लागून कडा फुगल्या होत्या. मला ते बघवेना. त्यांना न सांगता मी पिशवी उचलली आणि ओळखीच्या झेरॉक्सवाल्याकडे बसून बारावी, एएनएम, जीएनएम, नर्स म्हणून झालेली सरकारी नोंदणी, सगळ्यांचं जाड लॅमिनेशन करून घेतलं. एकगठ्ठा काम म्हणून त्याला भावातही दाबलं. संध्याकाळी अक्कांच्या हातात दिलं. त्यांनी एकेक कागद उजेडात धरून बघितला. फार वेळ बघितला. म्हणाल्या, "लई चकचकीत झालं." मला ते कौतुक वाटलं.

अर्जाच्या कामासाठी ऑफिसात गेलो तेव्हा कारकुनानं नोंदणीचं प्रमाणपत्र उलटं केलं, अंगठा फिरवला आणि परत सरकवलं. नूतनीकरणाचा शिक्का मूळ कागदाच्या पाठीवर पडला पाहिजे, प्लास्टिकवर शाई धरत नाही. मी म्हटलं, मारून तर बघा, मी वारा घालतो. त्यानं मारला. मी वहीनं वारा घातला. अक्कांनी नुसतं बोट लावलं आणि सरकारचा शिक्का त्यांच्या बोटावर आला. मग दुकानात येऊन आमच्या कारागिरानं इस्त्री कोमट करून प्लास्टिक सोडवायचा प्रयत्न केला. एक कोपरा सुटला, पण त्याच्याबरोबर अधिकाऱ्याची सही सुटून प्लास्टिकला गेली. उरला उपाय दुसऱ्या प्रतीचा. त्यासाठी पोलीस ठाण्यात मूळ कागद हरवल्याची नोंद पाहिजे. मी खरं सांगितलं, साहेब, हरवला नाही, जास्त जपला गेलाय. हवालदारांनी रजिस्टर पुढे-मागे चाळलं आणि सांगितलं, गहाळ लिहिता येतं, चोरी लिहिता येते, जास्त जपल्याचा रकानाच नाही. अक्कांना खोटं लिहून द्यायचं नव्हतं. मग प्रतिज्ञापत्र, अर्ज, नोंदणीच्या मुंबईतल्या कचेरीच्या चकरा, पुन्हा अर्ज. त्या घोळात प्रवेशाची तारीख निघून गेली आणि अक्कांचं एक वर्ष गेलं.

त्या मला एक शब्द बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर मी भांडलो असतो आणि मोकळा झालो असतो. फक्त त्यानंतर मी काही मदत करायचं म्हटलं, की त्या आधी माझ्या हातांकडे बघायच्या.

ते वर्ष भरून द्यायचं माझ्या डोक्यात बसलं, आणि माझी तक्रार आहे ती इथे. मी चार ठिकाणी फिरलो आणि एक संस्था शोधून काढली. गावाचं नाव सांगत नाही. तिथल्या सचिवांशी दोन बैठका केल्या आणि मी आयुष्यातला सगळ्यात देखणा सौदा जमवला. अक्कांनी वर्गात यायचं नाही, वॉर्डात जायचं नाही, नोकरी सोडायची नाही, फक्त परीक्षेला यायचं. हजेरी ते बघून घेतील. वर संस्थेतल्या सगळ्या मुलींचे गणवेश माझ्या दुकानातून. अक्कांना फक्त सही करायला घेऊन गेलो. सचिवांनी काजू घातलेला चिवडा आणि चहा मागवला. अक्कांनी एकच विचारलं, वॉर्ड कुठाय? सचिव हसून म्हणाले, कागदोपत्री सगळं आहे मॅडम, तुम्ही काळजी करू नका. अक्कांनी कप खाली ठेवला.

"मग पेशंट बी कागदावरच मरत असतील."

मी मध्ये पडलो, म्हटलं अक्का, ऐकून तर घ्या. त्या उठल्या होत्या. "साकु, दाजी," म्हणाल्या आणि पायऱ्या उतरून गेल्या. मी त्या खुर्चीत, समोर दोघांचा चहा आणि सचिवांचं तोंड. त्यांनी गणवेशाचं काम दुसऱ्याला दिलं, त्याचं मला एवढं वाटलं नाही. मी शब्द दिला होता, आणि माझा शब्द माझ्याच घरच्या माणसानं भर बैठकीत उडवून लावला. बाहेर आल्यावर मी नको ते बोललो. वय बघा, चष्म्याचा नंबर बघा, असलं. अक्कांनी ऐकून घेतलं आणि कंधारची गाडी लागली तशा निघून गेल्या. त्या पोळ्यापासून मी त्यांच्याशी बोलणंच टाकलं. त्या दर रविवारी माझ्या बायकोला फोन करायच्या आणि शेवटी विचारायच्या, दाजींचं बीपी बघितलं का? बीपी त्यांनीच वाढवलेलं, आणि चौकशीही त्यांचीच. मी रागवावं कसं, तेच मला उमजेना.

पुढच्या वर्षी अक्कांना गुणवत्तेवर लातूरच्या कॉलेजात प्रवेश मिळाला, अभ्यासाची रजाही मंजूर झाली. मग एक दिवस दुकानात आल्या. भांडणानंतर पहिल्यांदाच. म्हणाल्या, गणवेश शिवायचा हाय. मी न बोलता टेप काढला आणि बायकांची मापं घेणाऱ्या आमच्या बाईंच्या हातात दिला. शिलाई विचारली तेव्हा मी रागानं दुप्पट सांगितली. माझी खात्री होती, आता तरी ही बाई म्हणेल, दाजी, एवढी कशी? मग मी कमी करीन, आणि त्या निमित्तानं बोलणं सुरू होईल. अक्कांनी पर्स उघडली आणि सांगितले तेवढे पैसे टेबलावर ठेवले. असा अपमान माझा कुठल्या गिऱ्हाइकानं केलेला नाही. तो गणवेश मी स्वतः शिवला, रागानेच, आणि रागात टाके दुहेरी पडले.

लातूरच्या गोष्टी मग बायकोकडून कळत राहिल्या. वर्गात बाकीच्या मुली पंचवीस-सव्वीसच्या. त्या अक्का म्हणत, आणि त्यांना शिकवणाऱ्या ताईही वयानं लहान, त्या अक्का मॅडम म्हणत. कोर्सच्या सुरुवातीला हातात दिवा घेऊन सेवेची शपथ घ्यायची पद्धत असते. अक्कांची ही तिसरी शपथ. मी बायकोला म्हटलं, आधीच्या दोन्हींची मुदत संपली का? तिनं हे फोनवर सांगितलं तर पलीकडून अक्का खूप हसल्या म्हणे. पुढे त्यांना केअर प्लॅन लिहायला लागला. म्हणजे रुग्णाला काय त्रास, कशामुळे, आणि नर्सनं त्यावर काय करायचं, हे ठरावीक इंग्रजी साच्यात लिहायचं असतं. एक म्हातारी जेवत नव्हती. अक्कांनी साच्यात भरलं, त्रास: खाणं कमी; कारण: सून; उपाय: सुनेला बाहेर नेऊन चहा पाजणे व तिचंही ऐकून घेणे. ताईंनी पानावर लाल रेघ मारली. दोन दिवसांनी म्हातारी जेवायला लागली. ताईंनी रेघ तशीच ठेवली, पण खाली पेन्सिलीनं लिहिलं, हे कसं केलंत ते मला सांगा. हे ऐकून मला अभिमान वाटला की राग आला, ते ठरेना. मी बायकोला सांगितलं, मला त्या बाईचं काही सांगत जाऊ नको. आणि पुढच्या रविवारी विचारलं, मग म्हातारी घरी गेली का?

दुसऱ्या वर्षी माझ्या बायकोचं गर्भपिशवीचं ऑपरेशन नांदेडात ठरलं. सकाळी तिला आत नेलं आणि अक्का एसटीनं आलेल्या, हातात पिशवी, दारात उभ्या. मी विचारलं, कॉलेज? त्या छताकडे बघून म्हणाल्या, "सुट्टी हाय." ज्या बाईला प्रतिज्ञापत्रातसुद्धा खोटं लिहिता येत नाही, ती छताकडे बघते म्हणजे काय, हे मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. पण मी घाईत होतो. मला खोलीचा दर कमी करून घ्यायचा होता.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी खाली काउंटरवर बसलो होतो. स्वतंत्र खोली जनरलच्या भावात पाहिजे, यावर मी त्या मॅनेजरला टेकीला आणलं होतं. वर बायको नुसती म्हणत होती, तहान लागली, कसंतरी होतंय. मी असतो तर म्हटलं असतं, होतं असं. पूर्वीच्या अक्का असत्या तर त्यांनी म्हटलं असतं, हिचं लक्षण ठीक न्हाई, आणि त्या तरुण डॉक्टरांनी ते मान हलवून सोडून दिलं असतं. पण अक्कांनी नाडी मोजली, दहा मिनिटांनी पुन्हा मोजली, बीपी घेतलं, पोटावर हात ठेवला, आणि डॉक्टरांच्या खोलीत जाऊन आकडे सांगितले. नाडी चढून राहिली, बीपी उतरून राहिलं, लघवी कमी, पोट टणक. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशननंतर थोडं होतंच. अक्का दारातून हलल्या नाहीत. आत रक्तस्राव होतोय असं त्यांना वाटतंय, आणि का वाटतंय, ते त्यांनी एकामागून एक सांगितलं, निम्मं इंग्रजीत आणि निम्मं आमच्या भाषेत. डॉक्टर उठले. हे सगळं मला नंतर कळलं. मी खोलीचा भाव पक्का करून, स्वतःवर खूश होऊन जिना चढून आलो, तेव्हा पलंग रिकामा होता. चादर अर्धी ओढलेली, आणि अक्कांची चप्पल दाराशी उलटी पडलेली. मी ती चप्पल सरळ करून ठेवली.

डॉक्टरांनी पुन्हा पोट उघडून रक्तस्राव थांबवला, आणि बायको वाचली. अक्का अकरा दिवस राहिल्या. तिचं सगळं त्यांनी केलं, मला वेळेवर जेवायला घातलं, माझं बीपी मोजलं. आमच्या भांडणाचा विषय त्यांनीही काढला नाही आणि मीही काढला नाही. बाराव्या दिवशी त्या लातूरच्या गाडीत बसल्या. मी खिडकीशी उभा राहून म्हटलं, बरी मोठी सुट्टी दिली कॉलेजनं. त्या पुन्हा वर बघायला लागल्या, पण एसटीचं छत फार जवळ असतं.

त्या पदवीच्या परीक्षेत पहिल्या वर्गात पास झाल्या. आम्ही पेढे वाटले. आणि मग बायकोकडून कळलं की बाकी मुलींचे कागद पुढे गेले, अक्कांचे थांबवून ठेवलेत. झालं, मला इतक्या वर्षांनी हक्काचं भांडण मिळालं. दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन होतं. मी फराळाचा डबा घेतला आणि लातूर गाठलं. प्राचार्याबाई साध्या, सुती साडीतल्या, वयस्कर. मी खुर्चीत बसायच्या आधीच सुरू झालो. बाईंनी रजिस्टर उघडलं. वॉर्डातल्या कामाचे अकरा दिवस कोरे होते. परीक्षेला बसण्याइतकी हजेरी होती, म्हणून बसू दिलं. पण वॉर्डाचे तास पूर्ण भरल्याशिवाय पदवीचा कागद पुढे जात नाही, असा नियम आहे.

मला काय, आकडा दिसला की मी कामाला लागतो. म्हटलं, त्यांची वीस वर्षांची नोकरी धरा. बाई म्हणाल्या, ती धरूनच प्रवेश दिला. म्हटलं, निम्मे करा. रविवार वजा करा. बरं, दिवसाच्या ऐवजी पाळ्या मोजा. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी रजेचा अर्ज काढून माझ्यापुढे ठेवला. अक्कांचं गोल अक्षर. कारण: घरगुती. खाली तारखा.

मी त्या तारखा वाचल्या. परत वाचल्या. माझ्या तोंडात आणखी तीन-चार मुद्दे तयार होते, ते कुठे गेले कळलं नाही. शेवटी मी म्हटलं, "बाई, हे दिवस माझ्या घरी भरलेत. पेशंट माझी बायको होती. तो वॉर्ड धरा."

बाई म्हणाल्या, "तिथं त्या बहीण होत्या. इथं विद्यार्थिनी आहेत." मग रजिस्टर मिटून त्यांनी सांगितलं, त्या खाली स्त्रियांच्या वॉर्डात आहेत. रोज भरून राहिल्यात.

वॉर्डात सणामुळे निम्मे पलंग रिकामे होते. माझ्या दुकानातला तो दुहेरी टाक्यांचा गणवेश घालून अक्का एका म्हातारीची चादर बदलत होत्या, ती पलंगावर असतानाच, तिला न उठवता, एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर. वीस वर्षं केलेलं काम, पण पुस्तकात दिलंय तसं पायरीपायरीनं. शेजारी विशीतली एक इनचार्ज वहीत खूण करत होती. मी डबा घेऊन उभा राहिलो. काम संपल्यावर अक्का आल्या आणि सवयीनं माझं मनगट धरलं.

मी म्हटलं, "सुट्टी हाय म्हणला होता तुम्ही."

"हाव."

"खोटं बोलला."

"हाव, दाजी."

"मला आधी सांगितलं असतं तर मी काहीतरी केलं असतं की."

"तुम्ही लॅमिनेशन केलं असतं," अक्का म्हणाल्या, आणि त्या इनचार्ज मुलीलाही हसू आलं. मी विचारलं, किती राहिले? चार, म्हणाल्या. मी त्या मुलीकडे वळलो. म्हटलं, ताई, आज लक्ष्मीपूजनाचा आदला दिवस, आज आणि उद्या मिळून... अक्कांनी माझं मनगट अजून सोडलं नव्हतं. त्यांनी ते किंचित दाबलं. "साकु," म्हणाल्या.

चारही दिवस त्यांनी भरले. पाडव्याला त्या वॉर्डातच, म्हणून घरी साडूंनी पहिल्यांदा सणाचा स्वयंपाक स्वतः केला, आणि कसा झाला विचारल्यावर म्हणाले, हाव. पदवीचा कागद यथावकाश आला. बायको म्हणाली, फ्रेम करून आणा. मी तो साध्या खाकी पाकिटात घातला, पाकिटाला हात लावायच्या आधी हात धुतले, आणि अक्कांच्या हातात दिला. त्यांनी आधी माझे हात बघितले, मग पाकीट घेतलं.

आता त्या लातूरकडेच नवीन नर्स मुलींना शिकवतात. सुट्टी कमी, येणं कमी. रविवारचा फोन येतो, बीपीची चौकशी होते. आणि माझी तक्रार अजून आहे. भर बैठकीतून उठून जाणं बरोबर नव्हतं, हे मी आजही म्हणतो. पण त्या दिवशी त्या माझ्या सौद्याला हो म्हणाल्या असत्या, तर त्या दुपारी जिना चढून आल्यावर मला कोण भेटलं असतं, हे पुढचं वाक्य मला पुरं करता येत नाही. तक्रार तिथेच अडकून राहिली आहे. पुढे जात नाही आणि मागेही घेववत नाही.

दुकानात मात्र एक विचित्र झालंय. गिऱ्हाईक असो, व्यापारी असो, मी त्याला जेरीला आणतो, आता शेवटचा एकच धक्का बाकी असतो, आणि मी उगाच थांबतो. गल्ल्यामागच्या रिकाम्या खुर्चीकडे कान लावल्यासारखा. तिकडून कुणी साकु म्हणत नाही. मग मीच म्हणतो, जाऊ द्या, काय द्यायचं ते द्या. समोरचा गोंधळून माझ्याकडे बघत राहतो.